केळीवर कर नाही, पण केळी हिशेबात येते

२०२५ ची आयकर रिटर्नची तारीख उलटल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून एका निवृत्त गुरुजींचं चार पानी पत्र आलं; उत्तरही त्याच वर्षीचं आहे. पूर्ण छापणं शक्य नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत थोडक्यात:

‘वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. २०२४-२५ या वर्षात पेन्शन ६ लाख, बँकेतल्या ठेवींचं व्याज १ लाख २० हजार. त्यावर बँकेने १२ हजार टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. केळीतून खर्च जाऊन ४ लाख हाती राहिले. शेतीचं उत्पन्न इंग्रजांपासून करमुक्तच आहे, म्हणून ते रिटर्नमध्ये कधी दाखवलं नाही. ऑनलाइन सेंटरवरचा मुलगा दरवर्षी “सहज” फॉर्म भरून देतो. बाकीचं उत्पन्न ७ लाखांच्या आत आहे, तेव्हा कापलेले १२ हजार परत मिळतील, असं पुतण्या म्हणतो. यंदा तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, मग १६ झाली. अजून वाढेल म्हणून थांबलो, तर वाढलीच नाही. आता काय करावं? आणि या तारखा ठरवतं कोण? मी नोकरीला लागलो तेव्हा ३० जून होती. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे १५ एप्रिल म्हणजे १५ एप्रिल, इकडची तिकडे होत नाही. शेती धाकटा भाऊ बघतो, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत.’

गुरुजी, नमस्कार.

आधी घाईचं सांगतो, इतिहास नंतर. तारीख गेली असली तरी दार अजून उघडं आहे. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. त्यासाठी ५ हजार रुपये लेट फी लागेल, कारण तुमचं करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या वर आहे. ५ लाखांपर्यंत असतं तर १ हजारावर भागलं असतं. ही फी २०१८-१९ या असेसमेंट इयरपासून (उत्पन्नाच्या पुढचं, ज्यात रिटर्न भरतात ते वर्ष) आली. त्याआधी उशीर झाला तर साहेबाने दंड लावला तर लावला, असा मामला होता. आता पोर्टल स्वतःच आकडा घालून मोकळं होतं, त्याच्यापुढे रदबदली चालत नाही.

३१ डिसेंबरही चुकवलीत तर मात्र गाडी खरोखर सुटेल. त्यानंतर उरतं ते ‘अपडेटेड रिटर्न’, आणि त्यात सरकारला जास्त पैसे भरता येतात, सरकारकडून परत मागता येत नाहीत. तुमचे १२ हजार बँकेने कापून ठेवलेत, म्हणून ही तारीख तुमच्यासाठी १६ सप्टेंबरपेक्षा मोठी आहे. का, ते पुढे येतंच.

आता तारखांचं. ३० जून तुम्हाला बरोबर आठवते. १९६१ च्या आयकर कायद्यात मुळात तीच होती आणि पगारदारांसाठी ती बरीच वर्षं टिकली. ३१ जुलै पुढे आली. ती अशी ठरते: आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. शेवटच्या तिमाहीत कापलेल्या टीडीएसचा तपशील बँका आणि कचेऱ्या ३१ मेपर्यंत सरकारला देतात. १५ जूनपर्यंत फॉर्म १६, म्हणजे पगार-पेन्शनवर कापलेल्या कराचा दाखला, हातात पडतो. मग दीड महिना तुमचा. यंदा हीच साखळी लांबली. फॉर्ममध्ये मोठे बदल झाले, ते भरायची सोय पोर्टलवर उशिरा आली, म्हणून मे महिन्यातच ३१ जुलैची १५ सप्टेंबर केली गेली. १६ वी तारीख तर १५ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमाराला जाहीर झाली. जागं राहिलेल्या सीए मंडळींनी त्या रात्री काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

‘वाढेलच’ ही आपल्याकडची सवय कोविडच्या काळात पक्की झाली. २०२० मध्ये तारीख नोव्हेंबर, मग डिसेंबर, मग १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. पण त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं ३१ जुलै जागची हलली नाही, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. भाच्यालाही सांगा: अमेरिकेत १९१३ चा कायदा आला तेव्हा तारीख १ मार्च होती, पुढे १५ मार्च झाली आणि १९५५ पासून १५ एप्रिल. कोविडमध्ये तीही १५ जुलैवर गेली होती, पुढच्या वर्षी १७ मेवर.

आपलं १ एप्रिलचं वर्षही काही अनादी नाही. १८६७ पूर्वी सरकारी वर्ष १ मेपासून धरायचे. आणि व्यापाऱ्यांना तर हिशेबाचं वर्ष स्वतः निवडायची मुभा फार काळ होती. जळगावचे सराफ, कापसाचे व्यापारी, डाळवाले दिवाळीला वहीपूजन करत आणि त्याच दिवाळी-ते-दिवाळी वर्षावर आयकर भरत. सगळ्यांना एप्रिल-मार्च सक्तीचं झालं ते १९८९-९० या असेसमेंट इयरपासून. वहीपूजन अजून होतं, पण आयकरापुरता तो हिशेब राहिला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा, २०२५ चा, लागू. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘असेसमेंट इयर’ अशी दोन वर्षांची भानगड जाऊन एकच ‘कर वर्ष’ राहील. मात्र तुमच्या हातातलं रिटर्न आणि पुढच्या वर्षी भराल ते २०२५-२६ चं रिटर्नही १९६१ च्याच कायद्याखाली आहे, तेव्हा त्यात आत्ता शिरू नका.

आता तुमच्या पत्रातलं असं वाक्य, ज्याने मला थांबवलं: ‘शेतीचं उत्पन्न इंग्रजांपासून करमुक्तच आहे.’

अर्धं खरं आहे. आयकर आपल्याकडे १८६० मध्ये आला. सत्तावनच्या उठावाचा खर्च सरकारच्या डोक्यावर बसला होता. तो फेडायला विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थतज्ज्ञ पाठवले गेले. हे गृहस्थ मूळचे टोप्यांचे कारखानदार होते. यावर तुम्ही वर्गात काय म्हटलं असतं याचा अंदाज आहे. २४ जुलै १८६० ला कर लागू झाला, आयकर खातं अजून तो दिवस साजरा करतं. तीन आठवडे व्हायच्या आत विल्सन कलकत्त्यात हगवणीने गेले. त्यांच्या कायद्यात २०० रुपयांखालचं वार्षिक उत्पन्न सोडून दिलं होतं, ५०० पर्यंत २ टक्के आणि त्यावर ४ टक्के. आणि त्यात जमिनीचं उत्पन्न धरलेलं होतं. सरसकट सूट नव्हती.

या कराला मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी उघड विरोध केला, म्हणून त्यांना परत बोलावलं. दोनच वर्षांत तेच गृहस्थ विल्सनच्या खुर्चीवर अर्थमंत्री म्हणून आले आणि त्यांच्याच काळात, १८६५ मध्ये, कर संपला. मग कधी लायसन्स टॅक्स, कधी सर्टिफिकेट टॅक्स, कधी पुन्हा आयकर, असं वीस वर्षं चाललं. १८८६ च्या कायद्याने कर कायमचा बसला आणि त्यातच शेतीचं उत्पन्न वगळलं गेलं. तुम्ही म्हणता ती करमुक्ती तेव्हापासूनची.

ती दयेपोटी नव्हती. जमीन शेतसारा भरतच होती, आणि शेतसारा काय चीज असतो हे तुमच्या भागाला कोणी शिकवायची गरज नव्हती. १८५२ मध्ये सरकारने साऱ्यासाठी नवी मोजणी काढली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या पट्ट्यात लोक उठले होते. फौज आणून ते मोडावं लागलं. अशा जमिनीवर साऱ्यावर पुन्हा आयकर बसवायची हिंमत धरणं सोपं नव्हतं.

पण गंमत पुढे आहे, गुरुजी. डिसेंबर १९३६ मध्ये तुमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला त्यात सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांना सारा माफ करा, या मागण्या होत्या. त्या सगळ्यांना पाठ असतात. त्याच कार्यक्रमात शेतीच्या उत्पन्नावरही, ठरावीक मर्यादेच्या वर, इतर उत्पन्नासारखाच चढता आयकर लावा अशीही मागणी होती. सावद्याहून सायकलवर जाऊन यावं इतक्या अंतरावर झालेला हा ठराव. अधिवेशनाचा अभिमान केळीच्या पट्ट्यात सगळ्यांना आहे. हा ठराव मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मागणी कागदावर राहिली. राज्यघटनेने शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिला, केंद्राला त्यावर थेट हात टाकता येत नाही. म्हणून १९७२ मध्ये डॉ. के. एन. राज यांच्या समितीने आडवाट सुचवली आणि १९७३ पासून ती कायद्यात आली. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा नाही, पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरवताना शेतीचं उत्पन्न खाली पायासारखं धरायचं. केळीचा पाया जितका उंच, तितकं तुमचं पेन्शन वरच्या पायरीवर जाऊन बसतं. ज्याचं निव्वळ शेती उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, त्या प्रत्येकाला हा नियम लागतो. नुसत्या शेतीवर जगणाऱ्याला लागत नाही. तुम्हाला लागतो.

म्हणूनच ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ तुमचा फॉर्म नाही. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर गेलं की आयटीआर-२. सेंटरवरच्या मुलाने विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. त्याचा दोष मी फार धरत नाही. बटन दाबून देणं एवढंच त्याचं काम आहे आणि तेवढेच पैसे तो घेतो.

आता तुमचे आकडे मांडून बघू. नव्या करपद्धतीत पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५ लाख २५ हजार राहतात, त्यात व्याज १ लाख २० हजार, एकूण ६ लाख ४५ हजार. त्यात केळीचे ४ लाख मिळवले की १० लाख ४५ हजार. यावरचा कर येतो ५६ हजार ७५०. आता केळीचे ४ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ३ लाख, म्हणजे ७ लाखांवरचा कर काढा: २० हजार. पहिल्यातून दुसरा वजा, राहिले ३६ हजार ७५०. ७ लाखांच्या आतल्यांना सूट मिळते हे पुतण्याचं खरं आहे, पण ती जास्तीत जास्त २५ हजारांची आहे. ती वजा जाऊन ११ हजार ७५०, त्यावर ४ टक्के उपकर ४७०. देणं १२ हजार २२०.

बँकेने कापले १२ हजार. म्हणजे परत काही मिळणार नाही, उलट २२० रुपये भरायचे. त्यावर महिन्याला १ टक्का व्याज, ते दहा रुपयांच्या आत राहील. आणि लेट फीचे ५ हजार.

पुतण्याने केळी धरली नाही, म्हणून त्याचा आकडा सुरेख आला. तुम्हीही न धरून १२ हजार परत मागू शकाल; पोर्टल त्या क्षणी काही बोलणार नाही. पण व्यापारी पट्टीचे, म्हणजे केळी विक्रीच्या हिशेबाचे, पैसे तुमच्याच बचत खात्यावर टाकतो. वर्षात १० लाख किंवा जास्त रोख खात्यावर आली तर बँक ते स्वतः कळवते. उद्या मुलाच्या घरासाठी कर्ज काढाल, तेव्हा बँक तीन वर्षांची रिटर्न मागेल आणि केळीचं उत्पन्न तुम्हालाच दाखवावंसं वाटेल. रिटर्नमध्ये नसलेलं उत्पन्न तेव्हा कुठून आणणार? करमुक्त पैसा लपवून संशयास्पद करून घेण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

जुन्या करपद्धतीचा पर्याय तुमच्यासाठी १६ सप्टेंबरला संपला. उशिराच्या रिटर्नमध्ये तो घेता येत नाही. तुमच्या आकड्यांवर तिथे कर जास्तच आला असता, तेव्हा हळहळ नको.

मागच्या वर्षांचं विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. त्या वर्षांचे आकडे याच पद्धतीने मांडून बघा. कर निघत असेल तर अपडेटेड रिटर्न भरा. २०२३-२४ च्या उत्पन्नासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलंत तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा. त्याच्या आधीच्या वर्षाला ५० टक्के. जितकं थांबाल तितकं हे वाढून ७० पर्यंत जातं. कर निघतच नसेल तर त्या वाटेला जायचं कारण नाही.

आणि पुढच्या वर्षी काय? २०२५-२६ साठी करमुक्त मर्यादा ४ लाख झाली, आणि १२ लाखांपर्यंत ६० हजारांची सूट. हेच आकडे राहिले तर केळी धरूनही तुमचा कर २४ हजार ५०० निघतो आणि तो सगळा सुटीत जातो. म्हणजे पुढच्या वर्षी केळी दाखवल्याने एक रुपयाही लागणार नाही. अट एवढीच, की रिटर्न वेळेत जावं, नाहीतर लेट फी आहेच.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य. शेती भाऊ बघतो, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत.

मग हे ४ लाख कोणाचे? संपूर्ण शेताचे की तुमच्या हिश्श्याचे? पत्रावरून कळत नाही, आणि सगळा हिशेब यावर फिरतो. मृगबाग असो की कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), माल एकत्र कापला जातो, पट्टी एकाच्या नावाने होते आणि पैसे एका खात्यावर येतात; घरात वाटणी नंतर होते. आयकराला पट्टीवरचं नाव पुरत नाही, उत्पन्न खरं कोणाचं हे लागतं. ४ लाख सगळ्या शेताचे असतील आणि त्यातले निम्मे भावाला खरोखर जात असतील, तर तुमच्या हिशेबात २ लाखच येतात. मग आकडे असे: ८ लाख ४५ हजारांवर कर ३४ हजार ५००, ५ लाखांवर १० हजार, फरक २४ हजार ५००. तो २५ हजारांच्या सुटीत बसतो. कर शून्य. १२ हजारांतून लेट फीचे ५ हजार वजा होऊन ७ हजार तुम्हाला परत. हे ७ हजार फक्त ३१ डिसेंबरपर्यंत भरलेल्या रिटर्नमध्येच मागता येतात. १ जानेवारीला ते गेले.

मात्र कर वाचवायला आज कागदावर वाटणी करू नका. भावाच्या खात्यावर पैसे गेलेले दिसले पाहिजेत, किंवा दोघांत खर्च-उत्पन्नाचा काही लेखी हिशेब हवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर अविभक्त कुटुंबाचा प्रश्नही निघू शकतो; तो जळगाव-भुसावळच्या एखाद्या सीएसमोर सातबारा ठेवूनच सुटेल.

जाताना बरोबर काय न्यायचं: चालू सातबारा, वर्षभराच्या केळीच्या पट्ट्या, रोपं-खतं-मजुरी-विजेची बिलं किंवा निदान वहीतल्या नोंदी, पेन्शनचा फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, दोघा भावांची पासबुकं. फॉर्ममध्ये शेतीची ढोबळ जमा, खर्च आणि निव्वळ उत्पन्न वेगवेगळं लिहावं लागतं, म्हणून खर्चाच्या बिलांवाचून जाऊ नका. (ज्यांचं निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर आहे अशा वाचकांसाठी: तुम्हाला जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की कोरडवाहू, हेही लिहावं लागतं.) रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ते पडताळून घ्या, पडताळलं नाही तर ते भरलंच नाही असं धरतात. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर चालू आहे ना, हे सीएकडे निघण्याआधीच बघून ठेवा.